विजेच्या तारांची विद्या : एका नव्या धंद्याचा पूर्वेतिहास

सुतार, लोहार, तांबट, शिंपी यांच्या धंद्यांचा इतिहास लिहू गेल्यास तो त्या त्या ज्ञातीच्या इतिहासात मिसळून जातो. बापाचे हत्यार मुलाच्या हाती यावे आणि त्याबरोबर विद्याही यावी, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. घरोघर विजेच्या तारा बसविण्याच्या धंद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. हा धंदा आपल्या प्रांतात आला तेव्हा तो कोणाच्याच वाडवडिलांचा नव्हता. त्यामुळे तो शिकावा कोणापासून, आणि तो आपल्याला येतो हे ठरवावे कोणी, हे दोन प्रश्न प्रारंभापासूनच त्याच्या पाठीस लागले.

मुंबईत वीज व ट्रामगाड्या पुरविणारी बी. ई. एस. टी. कंपनी 1905 साली स्थापन झाली आणि 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम रस्त्यावर आली. पुढे लोणावळ्याकडील जलाशयांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीस उत्पन्न केलेली वीज 1915 मध्ये मुंबईस पोहोचली. भिवपुरी व भिरा येथील केंद्रे अनुक्रमे 1922 व 1927 मधील. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडीही धावली. एवढ्या कामास माणसे हवी होती. 1887 साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होतीच. परंतु तेथून बाहेर पडणारा तरुण बहुधा देखरेखीच्या जागेवर जाई. भिंतीस शिडी लावून तार ओढणारा माणूस उस्तादाच्या हाताखालीच तयार होत असे.

ही उस्तादी कशी होती, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. त्या काळी तारा लाकडी पट्टीतून नेत. पट्टीस दोन खाचा असत. एकीत जाणारी तार, दुसरीत येणारी, आणि वर झाकणपट्टी. कोपऱ्यावर पट्ट्यांचा सांधा असा जुळवावा लागे की फट दिसू नये. अर्थात जुना वायरमन हा अर्धा सुतारच असे! उमेदवार पोरास आधी भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकणे, ओळंब्याने रेघ पाडणे, तारेचे आवरण आतील तांबे न दुखावता सोलणे, सरळ सांधा व फाट्याचा सांधा पिळून त्यास डाख देणे, ही कामे मिळत. मुख्य फळ्यास हात लावावयास मिळे तो फार पुढे. बटण नेहमी फेजच्या तारेवरच घालावे, न्यूट्रलवर कदापि नाही, हे उस्ताद पाठ करून घेई. कारण न्यूट्रलवर बटण घातले तरी दिवा विझतोच. होल्डरमध्ये मात्र वीज जिवंत राहते, आणि दिवा बदलावयास चढलेल्या माणसास ती धरते.

परंतु पाठ केलेल्या विद्येस एक मर्यादा असते. ती ‘असे करावे’ एवढे सांगते. ‘का’ विचारल्यास गप्प बसते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारा कारागीर मूर्ख नसे. फ्यूज आहे तो भिंतीतील तारेच्या रक्षणासाठी, हे त्यास कोणी सांगितलेले नसे, इतकेच. जमिनीत कोळसा व मीठ घालून नळी पुरावी हे त्यास ठाऊक. पण अर्थिंगची ती तार प्राण कसा वाचविते, हे ठाऊक नसे.

सरकारने येथे हात घातला. 1910 चा वीज कायदा होताच. 1956 च्या नियमावलीतील 45 व्या नियमाने, दिवा-पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता, परवानाधारक ठेकेदाराखेरीज व प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखेरीज काम करण्यास मनाई केली. तत्पूर्वी 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली होती, आणि 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. जे झाले ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. तथापि त्याची किंमत कोणी दिली हेही नोंदविले पाहिजे. हात उत्तम, पण परीक्षेचा कागद नाही, असे काही वृद्ध ज्ञातिबांधव प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. काम त्यांचे, सही दुसऱ्याची आणि मोबदल्याचा मोठा वाटाही दुसऱ्याचा, असा प्रकार आयुष्यभर चालला.

1910 चा कायदा 2003 मध्ये गेला, 1956 च्या नियमांची जागाही नव्या विनियमांनी घेतली. परवान्याची अट मात्र कायम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यास आठवी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो; वीजतंत्रीस दहावी लागते. लाकडी पट्टी जाऊन प्लॅस्टिकची नळी आली, आणि अवघा 30 मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकताच पुरवठा तोडणारे यंत्र फळ्यावर बसू लागले.

आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती मात्र पदवीच्या अभ्यासक्रमांपुढे अद्याप सरकलेली नाही. जो धंदा कोणत्याच ज्ञातीचा नव्हता, तो आपल्या मुलामुलींनी परका का मानावा? प्रस्तुत लेखकाने कार्यकारी मंडळाकडे लेखी सूचना दिली आहे की, या दोन्ही अभ्यासक्रमांस शिष्यवृत्ती लागू करावी, आणि पक्कड, पेचकस, टेस्टर व मल्टीमीटर यांचा खर्च पुस्तकांच्या खर्चात धरावा.