काश्मिरात बर्फ, निफाडला कडाका : थंडीची लाट येते कशी आणि पारा वाचायचा कसा?

निफाड : डिसेंबर उजाडला की सकाळी आठ-साडेआठला गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो, 'कुंदेवाडी आज किती?' निफाडजवळच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला किमान तापमानाचा आकडा आला की द्राक्ष बागायतदारांचा दिवस त्यावर ठरतो. बाजूला ओझरचा आकडा येतो, नाशिकचा येतो, कुणी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा टाकतो. कुणी आपल्या पत्र्याच्या शेडला लावलेल्या थर्मामीटरचा फोटो टाकून सांगतो, 'आमच्याकडे त्याच्यापेक्षा दोनने कमी हाय.'

मग वाद सुरू होतो. खरा आकडा कोणता? बागेत पांढरे दिसले तो बर्फ होता का? आणि उद्या थंडी वाढणार की मोडणार? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती नीट कळली तर बागायतदाराला दोन-तीन दिवस आधी हालचाल करता येते.

थंडीची लाट कशाला म्हणायचे?

नुसते गार वाटले म्हणजे लाट नव्हे. भारतीय हवामान विभागाचे त्यासाठी मोजमाप ठरलेले आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर ती थंडीची लाट. त्याहून जास्त फरक पडला तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली आला तर सरासरी न बघताही लाट धरतात, आणि २ अंश किंवा खाली गेला तर तीव्र लाट.

समजा एखाद्या गावाची जानेवारीतली किमान सरासरी १० अंश आहे. तिथे पारा ७ वर आला तर हुडहुडी भरेल, पण कागदावर लाट होणार नाही. ५.५ वर आला की होईल. म्हणून 'एवढी थंडी असून लाटेचा इशारा कसा नाही?' अशी तक्रार करण्याआधी सरासरीशी फरक बघावा.

महाराष्ट्राने याहून मोठे कडाके बघितलेले आहेत. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंशाची नोंद झाली होती. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर होता. विदर्भात नागपूरला अलीकडेच, २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले.

थंडी निघते कुठून?

आपल्याकडच्या कडाक्याचे मूळ बहुतेक वेळा पश्चिमी झंझावातात असते. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने ओलावा घेऊन येणारी ही वादळी प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडातला हिवाळी बर्फ मुख्यतः यांच्यामुळेच पडतो. काश्मिरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या ४० दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ.

हे लक्षात ठेवून क्रम बघा.

पहिला टप्पा : झंझावात उत्तरेत येत असताना आपल्याकडे थंडी उलट कमी होते. वारे बदलतात, ढग येतात, रात्री उबदार होतात. लोक म्हणतात, 'गेली थंडी.'

दुसरा टप्पा : हिमालयात बर्फवृष्टी होते. मोबाईलवर शिमला-मनालीचे व्हिडिओ फिरतात.

तिसरा टप्पा : झंझावात पूर्वेला सरकतो, मागे आकाश निरभ्र होते आणि उत्तरेचे कोरडे गार वारे खाली सुटतात. आधी राजस्थान, मध्य प्रदेशात पारा घसरतो. मग खानदेश आणि नाशिकचा नंबर लागतो. याला बहुधा दोन-तीन दिवस जातात.

म्हणून जुने जाणकार बर्फाच्या बातमीवर थांबत नाहीत. बर्फ पडून गेल्यावर ते रोज राजस्थान, मध्य प्रदेश, धुळे, जळगाव अशा क्रमाने आकडे बघतात. वरचे आकडे एकामागे एक खाली यायला लागले आणि आपल्याकडे वारा उत्तरेचा झाला, की समजायचे थंडी वाटेवर आहे.

पण दर वेळी असे होतेच असे नाही. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि पूर्वेचे दमट वारे आले, तर उत्तरेची थंडी इथवर पोचत नाही. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडी. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडते. वर ढग असला तर बरीच ऊब परत खाली येते. गोधडी निघाली, वारा पडला आणि हवा कोरडी असली की पहाटे पारा कोसळतो.

निफाडच एवढे का गारठते?

नाशिक शहर आणि निफाड यांच्यात अंतर फार नाही, तरी आकड्यात फरक पडतो. शहरात सिमेंट, डांबर, इमारती दिवसाची ऊब धरून ठेवतात. कुंदेवाडीची नोंद मोकळ्या शेतातली आहे. शिवाय गार हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल भागात साचते. गोदावरी-कादवेच्या काठची सपाट, सखल शिवारे त्यात सापडतात.

हाच नियम एका गावातही लागू होतो. माळावरची बाग वाचते आणि ओढ्याकाठची करपते, ती याचमुळे. बांध, दाट कुंपण किंवा ऊस यांनी गार हवेची वाट अडवली असेल तर त्याच्या वरच्या बाजूला गारठा जास्त साचतो. आपल्या शिवारातली अशी जागा कोणती, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तरी कळते.

पांढरे दिसले म्हणजे बर्फ पडला का?

नाही. महाराष्ट्रात 'बर्फवृष्टी' म्हणून जे फोटो फिरतात ते बहुतेक दोन प्रकारचे असतात.

एक, गोठलेले दव. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात, तसेच नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या तोरणमाळ, डाब भागात कडाक्याच्या पहाटे गवत, गाड्यांचे टप, पिकाची पाने पांढरी होतात. हे वरून पडलेले नसते. पान इतके थंड होते की त्यावरचे दव तिथेच गोठते, किंवा हवेतली वाफ थेट बर्फाचे कण होऊन चिकटते. यालाच आपण हिमकण म्हणतो.

दोन, गारा. त्या वादळी ढगात तयार होतात आणि बहुधा थंडी ओसरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. तेव्हाही शेते पांढरीशुभ्र झाली होती.

खरा बर्फ ढगातच पिसासारखा तयार होतो आणि जमिनीपर्यंत न वितळता पोचायला खालची हवाही गोठणबिंदूच्या आसपास लागते. आपल्या पठारावर ढग आले की रात्र उबदार होते आणि कडाका पडतो तेव्हा आकाश कोरडे असते. दोन्ही एकदम जुळत नाही.

आता नेहमीचा प्रश्न : सरकारी आकडा ४ अंश, मग शून्याला गोठणारे पाणी बागेत कसे गोठले? कारण सरकारी थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या झरोक्याच्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो. निरभ्र, शांत पहाटे जमिनीलगतचे गवत त्याहून तीन-चार अंशांनी, कधी अधिकही, थंड असू शकते. म्हणजे केंद्राचा आकडाही खरा आणि बागेतला बर्फही खरा.

मोबाईलचा आकडा आणि बागेतला आकडा

मोबाईलमधले बरेच ॲप गावाच्या नावापुढे जो आकडा दाखवतात तो त्या गावात मोजलेला नसतो. संगणकाने मोठ्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो. कल कळायला तो ठीक. ओढ्याकाठच्या बागेचा निर्णय त्यावर घेऊ नये. हवामान विभागाचे इशारे आणि 'मेघदूत' ॲपवरचा कृषी सल्ला बघावा. हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.

बागेत स्वतःचा थर्मामीटर ठेवायचा असेल तर कमाल-किमान असा दुहेरी घ्यावा. तो पत्र्याला, भिंतीला टांगू नये. पत्रा रात्री हवेपेक्षा थंड होतो आणि भिंत उबदार राहते. सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी, चार-साडेचार फुटांवर लावावा. शेकोटीपासून लांब ठेवावा. जमले तर दुसरा बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात घडाच्या उंचीला लावावा.

रोज सकाळी ठरलेल्या वेळी वहीत चार गोष्टी लिहाव्यात : किमान तापमान, वाऱ्याची दिशा, ढग होते की नाही, दव पडले की पांढरे झाले. एका हिवाळ्यातच कळते की केंद्राचा आकडा अमुक आला तर आपल्या बागेत तो किती असतो. समजा आपला कोपरा कायम दोन अंशांनी खाली असेल, तर केंद्राला ६ चा अंदाज म्हणजे आपल्याला ४.

पिकांवर काय होते?

द्राक्ष : पारा १० अंशांखाली राहिला की वेलीची मुळे-पाने मंदावतात, मण्यांची फुगवण थांबते. साखर भरलेल्या मण्यांना तडे जातात. पांढऱ्या जातींत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की 'पिंक बेरी' दिसते आणि निर्यातीचा माल लोकल भावात द्यावा लागतो. पिंक बेरीसाठी बरेच बागायतदार मणी मऊ पडण्याआधी घडांना कागद गुंडाळतात; थंडी आल्यावर पळापळ करून त्याचा उपयोग होत नाही.

गहू : थंडी मानवते. फुटवे चांगले येतात.

हरभरा : साधी थंडी चालते, पण फुलोऱ्यात हिमकण पडले तर फूल गळते.

केळी : सलग गारठ्यात वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, घड निसवायला उशीर होतो.

पहाटे काय करायचे?

विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते. रात्री उशिरा किंवा पहाटे हलके पाणी दिले तर जमीन ऊब धरते. शेकोट्या करायच्या तर एक मोठी आग न करता बांधाने थोड्या-थोड्या अंतरावर छोट्या कराव्यात. मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते. वारा असेल तर शेकोटीचा उपयोग नाही. पण वारा असेल तर हिमकणही सहसा होत नाहीत. सर्वांत गार वेळ सूर्य उगवण्याच्या आसपासची असते, तोवर शेकोटी विझू देऊ नये.

रात्रीच्या थ्री-फेज लाइटीवर पाणी भरायला जाणाऱ्याने एकट्याने जाऊ नये. गोदाकाठी बिबट्याचा वावर आहे हे वेगळे सांगायला नको. म्हातारी माणसे, लहान मुले आणि गोठ्यातली वासरे यांना वाऱ्याच्या झोतापासून जपावे. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. त्या धुरातला वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

विम्याला कोणता आकडा चालतो?

इथे बरेच जण फसतात. हवामान आधारित फळपीक विम्यात नुकसान डोळ्यांनी बघून भरपाई ठरत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद धरतात. 'महावेध' प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या अंशांखाली, ठरलेले दिवस पारा राहिला तरच भरपाई लागू होते. आपल्या बागेत बर्फ झाला पण मंडळाच्या केंद्रावर आकडा तेवढा खाली गेला नाही, तर बर्फाच्या फोटोवर पैसे मिळत नाहीत.

म्हणून हप्ता भरण्याआधी त्या वर्षीच्या शासन निर्णयात आपल्या फळासाठी किती अंश आणि सलग किती दिवस अशी अट आहे ते वाचावे. आपल्या मंडळाचे केंद्र कुठे आहे तेही एकदा जाऊन बघावे. झाडाखाली, भिंतीलगत किंवा बंद पडलेले असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. थंडी पडून गेल्यावर केलेल्या तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

वहीतली नोंद विम्यात पुरावा म्हणून धरली जाईलच असे नाही. पण गावातल्या दहा बागांच्या वह्या एक सांगत असतील आणि केंद्र दुसरेच, तर निदान प्रश्न विचारायला हातात काहीतरी असते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- उत्तरेत बर्फ पडला की लगेच घाबरू नका. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचे वरचे आकडे बघा.
- निरभ्र आकाश, पडलेला वारा, कोरडी हवा : तिन्ही जुळले तर पहाट कडक.
- सखल कोपऱ्याचा आकडा वेगळा लिहा.
- केंद्राचा आकडा हवेचा असतो. गवत त्याहून थंड असते.
- विम्याची अट आणि मंडळाचे केंद्र थंडी पडायच्या आधी बघून ठेवा.