एक जहाज, दोन जबाब

फेब्रुवारी १७५६. वाघोटण खाडीच्या तोंडाशी, विजयदुर्गाच्या आडोशाला मराठा सरदार तुळाजी आंग्र्याचे आरमार नांगरून होते. अ‍ॅडमिरल वॉटसनच्या इंग्रज ताफ्यातून आलेला एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज मुळात ईस्ट इंडिया कंपनीचे. तुळाजीने ते काही वर्षांपूर्वी धरून आणले होते. ते पेटले आणि आजूबाजूची गुराबा-गलबते एकामागून एक जळत गेली. पाठोपाठ किल्लाही पडला.

विजयदुर्ग पडला, एवढीच बातमी. ती मुंबईला पोचली तेव्हा कंपनीच्या व्यापाऱ्यांनी ऐकले की चाच्यांचा अड्डा मोडला. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या दरबाराला ऐकू आले की सरकारला न जुमानणारा सरदार ताळ्यावर आला. या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या जोडीने जमिनीवरून लढत होते. तुळाजीच्या स्वाऱ्यांनी गांजलेल्या शेजारच्या संस्थानिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पुढच्या शतकांत मराठी इतिहासकारांनी हीच घटना लिहिली ती मराठ्यांनी आपले आरमार आपल्याच हातांनी बुडवले म्हणून. आग एकच होती, प्रत्येकाचे त्यात वेगळे काही जळाले किंवा वाचले होते.

किल्ल्यात सापडलेला सुमारे दहा लाखांचा ऐवज इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी आपसांत वाटून घेतला. दोस्त म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. किल्ला हाती यायलाही ऑक्टोबरचा तह करावा लागला आणि बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेला. कंपनीच्या हिशेबात ही लूट नव्हती. युद्धात जिंकलेल्या मालाची ती रीतसर वाटणी होती.

या किनाऱ्यावर असा घोळ नवा नव्हता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ हा परवाना लागू केला होता. तो घ्यायचा, पोर्तुगीज बंदरात जकात भरायची, मगच पुढे जायचे. परवाना नसेल तर जहाज जप्त. त्यांच्या लेखी हा कायदा होता. पण १६१३ मध्ये त्यांनी सुरतेजवळ ‘रहिमी’ हे जहाज धरले, तेव्हा त्यावर परवाना होता आणि जहाज खुद्द जहांगीर बादशहाच्या आईचे होते. तेवढ्यावरून युरोपातल्या कोणी पोर्तुगीज राजाला चाचा ठरवले नाही.

शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले, ते याच समुद्रावर आपलाही हक्क सांगण्यासाठी. तो हक्क कसा बजावायचा, हे पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सविस्तर आले. १७१५च्या सुमाराचा हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिला गेला आणि मालवण त्याच राज्यात होते. त्यात आरमाराला दिलेली ताकीद अशी: आपला कौल (परवाना) असलेल्या सावकाराच्या जहाजाला जराही धक्का लागू द्यायचा नाही. परमुलखातले बिनकौली जहाज आले तर ते सोडायचे नाही, पण मालाला हात न लावता, दिलासा देऊन बंदरात आणायचे आणि जकात घेऊन जाऊ द्यायचे. शत्रूच्या जहाजाचा न्याय वेगळा. म्हणजे समुद्रात जहाज अडवणे हे अमात्यांच्या दृष्टीने नाक्यावर गाडी थांबवण्याइतके साधे सरकारी काम होते.

अडवल्या गेलेल्या जहाजावरून मात्र ते तसे दिसत नसे. अंधूक उजेडात दोन गुराबा अंगावर येतात, शिडे उतरवायला लावतात आणि जहाज मालवणकडे वळवतात. त्या वेळी खलाशाला कौल आणि खंडणी यांतला फरक कोण समजावणार? शिवाय प्रत्येक नाखवा ताकीद पाळत होता असेही नाही.

भांडणाचे मूळ कागदपत्रांत स्पष्ट दिसते. इंग्रजांच्या परवान्याखाली हिंदी व्यापाऱ्यांचाही माल जात असे. कंपनी म्हणे, परवाना आमचा म्हणजे माल सुरक्षित. तुळाजीचे वडील कान्होजी आंग्रे म्हणत, कंपनीचा स्वतःचा माल सोडतो, पण इथल्या व्यापाऱ्यांनी आमचेच दस्तक घ्यावे. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याने कान्होजींना लुटारूपणाबद्दल सुनावले. उत्तरात कान्होजींनी दुसऱ्याच्या वस्तूची हाव व्यापाऱ्यांनाही चुकलेली नाही असे बजावले आणि शिवाजी महाराजांनी चार बादशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले, तिथून आमची सुरुवात आहे याची आठवण करून दिली.

मालवणचा जबाब कोणी असा लिहून ठेवला नाही. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ म्हटले आणि किल्ला परवडत नाही हे कळल्यावर पुढच्याच वर्षी भरपाई घेऊन कोल्हापूरला परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. कोल्हापूरने सशस्त्र जहाजे बाळगायची नाहीत, हेही त्यात लिहिले गेले. ज्यांच्या हातात गुराबांची सुकाणू होती त्या गाबीत आणि भंडारी घराण्यांत हीच कारकीर्द आरमारातली चाकरी म्हणून सांगितली जाते. इंग्रजी पुस्तकांतून ‘मालवणचे चाचे’ असा उल्लेख येतो, तो याच माणसांचा. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. हा तळ कंपनीच्या जुन्या मुंबई किल्ल्याच्या आवारातच आहे.

समुद्रात परवाना विचारणे आजही थांबलेले नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली आता तो मत्स्य विभाग विचारतो. १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, मासेमारीवर कडक निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. ‘दर्यात मासळी उरली नाही’ हे वाक्य मालवणच्या किनाऱ्यावर तेव्हापासून, खरे तर त्याच्याही आधीपासून, सगळेच बोलतात. किनाऱ्यावरून जाळे ओढणारा रापणकर हे म्हणतो तेव्हा त्याचा रोख पर्ससीनवर असतो. पर्ससीनवाल्याच्या तोंडी त्याचा अर्थ असा, की बांगड्याचा थवा आम्ही सोडला तर गोव्याचा किंवा कर्नाटकाचा ट्रॉलर तो उचलणारच. मासळी मार्केटात गिऱ्हाईक भाव ऐकून कपाळाला आठ्या घालते, तेव्हा विकणारी बाईही हेच सांगते.

गस्तीनौका अपुऱ्या पडल्या की मालवणचे मच्छीमार स्वतःच होड्या काढतात. परप्रांतीय ट्रॉलर घेरून बंदरात आणल्याच्या घटना इथे अनेकदा घडल्या आहेत. मालवणात त्यांना हद्द राखणारे म्हणतात. पकडलेल्या ट्रॉलरचा मालक घरी परतल्यावर दांडगाईची तक्रार करतो. दोन्ही जबाब पोलीस ठाण्यात नोंदवले जातात आणि जहाज नेमके किती मैलांवर होते, यावर पुढची सगळी सुनावणी अडते.