दुर्बिणीचे ऐकले, गावांचे?

जुन्नरला गेलो की मी नाणेघाटात जातो. तिथला दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. सातवाहनकाळात कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने वर येई. वाटेने जुन्नर घडवले. शेजारच्या आंबेगावची कथा उलटी. डिंभे धरणात मूळ गाव बुडाले, तालुक्याला नाव तेवढे उरले.

म्हणून पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेकडे मी या इतिहासातून पाहतो. सुमारे २३५ किलोमीटरचा मूळ मार्ग मंचर, नारायणगाववरून जाणार होता. पण खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. विजेवरच्या रेल्वेमुळे तिच्या क्षीण संदेशांत गोंगाट मिसळेल, अशी हरकत आली. तो मार्ग सोडून शिर्डी-अहिल्यानगरचा पर्याय पुढे आला.

दुर्बीण जपलीच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे त्या कायद्याने जनसुनावणीही बंधनकारक नाही. भूसंपादनात हरकत घेता येते, पण ती जमीन जाणाऱ्याची. ज्याला भाजी मुंबईला धाडायची आहे, ज्याची विहीर बोगद्याशेजारी आहे, त्यांनी कुठे बोलायचे? शास्त्रज्ञांकडे मोजमापे होती, म्हणून त्यांचे ऐकले गेले. गावाची मोजमापे कोणी घेतलीच नाहीत.

आंबेगाव बुडाले तेव्हाही आणि आता गाडी वळली तेव्हाही, गावाला निर्णय तेवढा कळला.