चहाच्या मळ्यांतील पायवाट

श्रीलंकेंतील हपुतलेजवळच्या एका चहाच्या कारखान्यापासून 'लिप्टनची बैठक' म्हणून प्रसिद्ध असलेल्या माथ्यापर्यंत आम्ही पायीं चढलों. दोहों बाजूंस सारखीं कातरलेलीं हिरवीं झुडपें पाहून वाटावें, हे डोंगर असेच उपजले! वस्तुतः येथें आधीं कॉफी होती. १८६९ सालीं तिच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढील वीसएक वर्षांत तो सारा व्यापार बुडाला. जेम्स टेलर या स्कॉच गृहस्थानें १८६७ सालींच लूलकंदेरा येथें अवघ्या १९ एकरांत चहा लाविला होता. तोच बेटाच्या उपयोगीं पडला. लिप्टनसाहेब आले १८९० सालीं. माथ्यास नांव मात्र त्यांचें.

मळे राबून उभे केले ते तमिळ मजुरांनीं. कॉफीच्या काळीं हे लोक दक्षिण हिंदुस्थानांतून मन्नारच्या किनाऱ्यास उतरत व तेथून मातलेपर्यंत रान तुडवीत पायीं येत. कितीएक पटकीनें वाटेंतच पडले. त्यांच्या व आमच्या चालण्यास एकच क्रियापद लावावें लागतें, याची आम्हांस लाज वाटली. १९४८ च्या कायद्यानें त्यांच्या बहुतेक वंशजांस नागरिकत्व नाकारलें. १९६४ च्या करारानें तर माणसांची वांटणीच केली : ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० लंकेकडे, उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढें ढकलला. राहिलेल्यांस नागरिकत्व देणारा कायदा व्हावयास २००३ साल उजाडलें.

उतरतांना पाठीवर पाल्याचें ओझें घेतलेली एक बाई आम्हांस पाहून वाट सोडून उभी राहिली. आम्हीं हातानें खूण करून तिलाच पुढें जाऊं दिलें.