स्पोर्ट्स मोटारीच्या कूलंटमध्ये हवा अडकते तेव्हा...

घाटाच्या चढावर बॉनेट उघडून, इंजिन निवण्याची वाट पाहत उभी असलेली मोटार हे आपल्याकडचे नित्याचे दृश्य आहे. अशा वेळी रेडिएटरमधील पाणी कमी झाले असावे, असा बहुतेकांचा समज होतो आणि अनेकदा तो खराही असतो. मात्र, कूलंट काठोकाठ भरलेले असूनही इंजिन प्रमाणाबाहेर तापू शकते. त्याचे कारण बाहेरून दिसत नाही. कूलंटच्या नळ्यांमध्ये कोठेतरी हवेचा फुगा अडकलेला असतो आणि तो कूलंटची वाट अडवून बसलेला असतो.

साध्या मोटारीत ही अडचण सहसा लवकर सुटते. परंतु ज्या स्पोर्ट्स मोटारींचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि रेडिएटर मात्र नाकाशी असतो, त्यांच्या बाबतीत हवा काढणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम ठरते. त्यात घाई झाल्यास त्याची किंमत संपूर्ण इंजिनाच्या रूपाने मोजावी लागते.

इंजिन मागे, रेडिएटर पुढे

इंजिन दोन्ही चाकांच्या आसांमध्ये, मधोमध बसविल्यास मोटारीचे वजन समतोल राहते व ती वळणावर चपळ होते. शर्यतीच्या मोटारींतील ही रचना पुढे सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या मोटारींतही आली. इटलीच्या फियाटने १९७२ मध्ये 'एक्स वन-नाइन' ही छोटी मोटार आणली. जपानच्या टोयोटाने १९८४ मध्ये 'एमआर-टू' बाजारात उतरविली. इंग्लंडमध्ये १९९५ मध्ये 'एमजीएफ', १९९६ मध्ये लोटसची 'एलिस', तर जर्मनीत त्याच वर्षी पोर्शेची 'बॉक्स्टर' आली. पोर्शेची सुप्रसिद्ध '९११' ही मोटार तर तीन दशकांहून अधिक काळ हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर धावत होती. १९९७ मध्ये तिच्या नव्या पिढीत कूलंट आले. तिचे इंजिन अगदी मागे, तर रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे आहेत.

या सर्व मोटारींमध्ये एक गोष्ट समान आहे. रेडिएटरला समोरचा वारा मिळावा म्हणून तो पुढे ठेवावा लागतो आणि त्यामुळे कूलंटला मागून पुढे व पुढून मागे असा लांबचा प्रवास करावा लागतो. 'एलिस'मध्ये या नळ्या दाराखालच्या पोकळ तुळयांमधून, तर 'एमजीएफ'मध्ये मोटारीच्या पोटाखालून जातात. म्हणजेच कूलंट इंजिनातून खाली उतरते, जमिनीलगत सरळ पुढे जाते, रेडिएटरमध्ये वर चढते आणि पुन्हा त्याच मार्गाने परतते. हीटरची नळी त्यातून वेगळी फुटून डॅशबोर्डमागे उंच जाते. हवा नेहमी सर्वांत उंच जागा शोधते. साध्या मोटारीत अशी उंच जागा बहुधा एकच, म्हणजे रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाजवळ असते. येथे मात्र इंजिनाचा माथा, हीटर आणि रेडिएटरचा वरचा भाग अशी किमान तीन शिखरे तयार होतात आणि मधल्या सखल नळ्यांमुळे एका शिखरावरील हवा दुसरीकडे सरकू शकत नाही.

हवा एवढी घातक का?

पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेपेक्षा कितीतरी अधिक आहे. सारख्याच आकारमानाचा विचार केल्यास पाणी साध्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. त्यामुळे सिलिंडर हेडच्या ज्या भागाला कूलंटऐवजी हवा लागते, तो भाग अल्पावधीत भाजून निघतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर ते वाकते, हेड गॅस्केट जळते आणि कूलंट व इंजिन ऑइल एकमेकांत मिसळण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरा धोका वॉटर पंपाचा. हा पंप पात्यांच्या गतीने द्रव बाहेर फेकून काम करतो. त्याच्या तोंडाशी हवा आली, की पाती नुसतीच फिरत राहतात व प्रवाह थांबतो.

तिसरा धोका अधिक फसवा आहे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल, तरच खरे तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा असेल, तर डॅशबोर्डवरील काटा मध्यावर स्थिर दिसत असतानाच आत इंजिन होरपळत असते. चालकाला इशारा मिळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

'एमजीएफ' व सुरुवातीच्या 'एलिस'मधील रोव्हरच्या 'के' मालिकेतील इंजिनाने याचा कटू अनुभव दिला. हे इंजिन वजनाला हलके आणि त्या मानाने ताकदवान होते. मात्र, त्याच्या आत कूलंट फार थोडे मावत असे. त्यामुळे थोडे कूलंट गळाले किंवा थोडी हवा शिरली, तरी सावरायला वाव उरत नसे. या इंजिनाचे हेड गॅस्केट जाणे ही त्या काळातील सर्वपरिचित तक्रार होती. तिची कारणे एकाहून अधिक असली, तरी कमी पातळीचे कूलंट व अडकलेली हवा यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

लक्षणे ओळखावीत

हवा अडकल्याची काही लक्षणे सहज ध्यानात येतात. इंजिन सुरू करताच डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून गार वारा येतो. तापमानाचा काटा एकाएकी वर जातो व तितक्याच झटकन खाली येतो. रेडिएटरची एक नळी हाताला चटका देणारी, तर दुसरी थंड लागते. कूलंटच्या टाकीतील पातळी इंजिन गरम असताना बरीच वर चढते आणि निवल्यावर एकदम खाली जाते. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसल्यास मोटार पुढे दामटू नये.

हवा काढण्याची पद्धत

हे काम थंड इंजिनावरच सुरू करावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. बंद यंत्रणेत दाब असल्याने आतील द्रव १०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, द्रव क्षणात उकळतो आणि चेहऱ्यावर उसळतो. या कारणाने भाजल्याच्या घटना वर्कशॉपमध्ये नव्या नाहीत.

प्रथम हीटरचे बटण सर्वाधिक उष्णतेवर ठेवावे. ज्या मोटारींत हीटरच्या वाटेवर झडप असते, तेथे ती त्यामुळे उघडते. त्यानंतर हवा सोडण्यासाठी दिलेले ब्लीड स्क्रू सैल करावेत. ते कोठे आहेत, हे मोटारीगणिक बदलते. 'एक्स वन-नाइन' व 'एलिस'मध्ये रेडिएटरच्या माथ्यावर असा स्क्रू आहे. 'एमआर-टू'मध्ये रेडिएटर व हीटर या दोन्ही ठिकाणी हवा सोडण्याची सोय असून, तेथे पारदर्शक नळ्या जोडून त्या उंच टांगण्याची पद्धत टोयोटाने सांगितली आहे. नळ्यांमध्ये चढणारी पातळी पाहून आत कूलंट कुठवर पोहोचले, हे डोळ्यांना दिसते. पोर्शेच्या 'बॉक्स्टर'मध्ये कूलंटच्या टाकीजवळ हवा सोडणारी झडप असून, तिच्यावरील तारेची कडी उचलली की ती उघडी राहते.

कूलंट अगदी सावकाश, बारीक धारेने ओतावे. भराभर ओतल्यास द्रवाखालीच हवा कोंडली जाते. ब्लीड स्क्रूमधून आधी फसफस, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार येऊ लागली, की तो स्क्रू बंद करावा. सर्व स्क्रू या क्रमाने बंद झाल्यावर इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे. सुरुवातीला कूलंट इंजिनातच फिरत असते. थर्मोस्टॅट सर्वसाधारणपणे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो व त्यानंतरच रेडिएटरकडील मार्ग पूर्ण खुला होतो. त्यामुळे रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. काटा धोक्याच्या खुणेकडे सरकू लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. मोटार बंद गॅरेजमध्ये असल्यास धुराचा धोका लक्षात घेऊन दारे उघडी ठेवावीत.

मोटारीचे नाक उचलावे की शेपटी, याबाबत मतभेद आढळतात. याचे उत्तर एकच नाही. हवा बाहेर पडण्याची जागा सर्वांत उंच असावी, एवढेच तत्त्व त्यामागे आहे. ज्या मोटारीत ती वाट पुढे रेडिएटरवर आहे तिचे नाक उचलल्यास, तर जिची वाट मागे टाकीत आहे तिचा मागचा भाग उचलल्यास उपयोग होतो. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली स्थितीच अंतिम मानावी. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली भक्कम स्टँड लावल्याखेरीज कोणीही जाऊ नये.

इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी व घट भरून काढावी. त्यानंतर छोटी फेरी मारून, मोटार थंड झाल्यावर पुन्हा तपासावे. पहिल्याच प्रयत्नात सर्व हवा निघेल, अशी अपेक्षा या मोटारींकडून ठेवू नये.

पोकळी निर्माण करून भरणे

आता अनेक वर्कशॉपमध्ये याहून खात्रीची पद्धत वापरली जाते. टाकीच्या तोंडावर साधन बसवून कॉम्प्रेसरच्या साह्याने नळ्यांमधील बहुतांश हवा आधीच खेचून घेतली जाते. रबरी नळ्या चपट्या झालेल्या दिसतात. काही मिनिटे ही पोकळी टिकते का, हे पाहिले जाते. न टिकल्यास कोठेतरी गळती आहे, हे कूलंट भरण्यापूर्वीच कळते. मग झडप उघडताच कूलंट आपोआप आत ओढले जाते. पोर्शेच्या '९११'मध्ये २० लिटरहून अधिक कूलंट लागते. अशा मोटारींसाठी हीच पद्धत सोयीची ठरते.

विजेवर चालणाऱ्या मोटारीही या प्रश्नातून सुटलेल्या नाहीत. त्यांची बॅटरी थंड ठेवण्यासाठीही अनेकदा कूलंटच वापरले जाते. तेथे निदान करणाऱ्या संगणकाद्वारे विजेचे पंप ठरावीक क्रमाने चालवून हवा काढली जाते.

हवा परत येत असेल तर?

व्यवस्थित काढलेली हवा काही दिवसांत पुन्हा जमत असेल, तर ती काढत राहणे हा उपाय नव्हे. झाकणाचे रबर, वॉटर पंपाचे सील, प्लॅस्टिकच्या टाकीला गेलेली बारीक चीर, पोटाखालच्या गंजलेल्या नळ्या यांची तपासणी करावी. तेथे काहीच आढळले नाही, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता उरते. त्यासाठी टाकीच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी धरतात. वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा झाल्यास निदान पक्के होते.

कूलंट निवडतानाही काळजी घ्यावी. केवळ रंग सारखा आहे म्हणून दोन प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नये. कंपनीने ठरवून दिलेलेच वापरावे. नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांमध्ये बसतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरणे इष्ट. बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट त्वरित पुसावे आणि लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे.

मधल्या इंजिनाची मोटार ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगासाठी बनविलेली असेल; पण तिच्यातील हवा काढण्याचे काम मात्र तिच्या वेगाने होत नाही. यात खर्च होतो तो एका दुपारचा. ती वाचविण्याच्या नादात अनेकांनी इंजिन गमावले आहे.