जॉन थॉमसन : बाविसाव्या वर्षी हरपलेला गोलरक्षक

फुटबॉल संघातील अकरा जणांपैकी एकालाच चेंडू हाताने अडवण्याची मुभा असते आणि नेमके त्यालाच समोरून धावत येणाऱ्या पायांमध्ये डोके घालून झेप घ्यावी लागते. भारताच्या गोलासमोर उभे राहिलेले ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर ज्यांनी पाहिले आहेत, त्या गोमंतकीय रसिकांना या भूमिकेतील जोखीम वेगळी सांगायला नको. ही जोखीम ज्याच्या प्राणांवर बेतली, तो स्कॉटलंडचा जॉन थॉमसन आज नव्वदहून अधिक वर्षांनंतरही तेथे आदराने स्मरला जातो. गोव्याने त्याची कथा जाणून घ्यावी याला एक जवळचे कारण आहे. तशीच एक धडक गोमंतकीय फुटबॉलच्याही वाट्याला आली.

खाणीतून मैदानाकडे

थॉमसनचा जन्म २८ जानेवारी १९०९ रोजी फाइफ परगण्यातील कर्कॉडी येथे झाला. तो वाढला कार्डेंडन या कोळशाच्या खाणींच्या गावात आणि चौदाव्या वर्षीच खाणीत कामाला लागला. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने १९२६ मध्ये त्याच्याशी करार केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये डंडीविरुद्ध तो पहिला सामना खेळला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच हंगामात सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. १९३१ मध्ये हे यश पुन्हा लाभले. देशाकडून तो चार सामने खेळला आणि त्या चारांत मिळून त्याने केवळ एक गोल होऊ दिला.

गोलरक्षकाच्या मानाने त्याची उंची बेताची आणि अंगकाठी सडपातळ होती. ही उणीव तो चपळ झेपेने आणि खात्रीच्या पकडीने भरून काढी. त्या काळी चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देणे नियमबाह्य नव्हते. १९३० मध्ये एअरड्रीविरुद्धच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला होता. तरीही बरा होऊन परतल्यावर त्याने आपली धाडसी शैली सोडली नाही.

५ सप्टेंबर १९३१

त्या दिवशी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक हे परंपरागत प्रतिस्पर्धी आमनेसामने होते. सुमारे ऐंशी हजार प्रेक्षक जमले होते. उत्तरार्धाला नुकतीच सुरुवात झाली असता रेंजर्सचा आघाडीपटू सॅम इंग्लिश चेंडू घेऊन गोलक्षेत्रात शिरला. त्याने फटका मारला त्याच क्षणी थॉमसनने त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू गोलाबाहेर गेला. मात्र थॉमसनचे डोके इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळले आणि कवटीला गंभीर इजा झाली. प्रसंगाचे गांभीर्य लक्षात येताच इंग्लिशनेच मदतीसाठी खुणा केल्या. त्याच रात्री व्हिक्टोरिया रुग्णालयात थॉमसनची प्राणज्योत मालवली. त्याचे वय होते अवघे बावीस. सामना गोलशून्य बरोबरीत संपला होता.

कार्डेंडन येथील अंत्ययात्रेला हजारोंचा समुदाय लोटला. ग्लासगोहून सुमारे नव्वद किलोमीटर अंतर पायी तुडवत आलेले चाहतेही त्यात होते. २००८ मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या सन्मानदालनात थॉमसनचा समावेश करण्यात आला.

मागे उरलेल्याचे ओझे

हा निव्वळ अपघात होता, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. इंग्लिश निर्दोष ठरला. पण प्रेक्षकांनी त्याला माफ केले नाही. त्याच १९३१-३२ च्या हंगामात त्याने रेंजर्ससाठी लीगमध्ये ४४ गोल केले. हा पराक्रम क्लबच्या इतिहासात विक्रम म्हणून नोंदला गेला, तरी मैदानोमैदानी त्याची हेटाळणी होत राहिली. तो लिव्हरपूलला गेला, पुढे आणखी क्लब बदलले आणि १९३८ मध्ये वयाच्या तिशीतच त्याने खेळ सोडला. त्या एका क्षणात एकाचा प्राण गेला आणि दुसऱ्याच्या खेळातील आनंद कायमचा संपला.

बंगळूरची ती धडक

गोव्याने हीच शोकांतिका उलट्या रूपात अनुभवली. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो स्पोर्ट्स क्लबची गाठ मोहन बागानशी पडली. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने संघाचा दुसरा गोल केला आणि त्याच वेळी त्याची गोलरक्षक सुब्रत पालशी धडक झाली. तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. २-० अशा त्या विजयातील दोन्ही गोल त्याचेच होते. तो पंचवीस वर्षांचा होता. आदल्या हंगामात ईस्ट बंगालकडून खेळताना राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल त्यानेच केले होते. धेंपोने त्याचा १० क्रमांकाचा पोशाख सन्मानपूर्वक निवृत्त केला आणि त्याच हंगामात आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकावले.

पाल तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. निलंबन आणि तीव्र टीका दोन्ही त्याच्या वाट्याला आली. तो खचला असता तर नवल नव्हते. पण २०११ च्या आशियाई चषकात त्याच पालने भारताचा गोल ज्या जिद्दीने राखला, त्याने परदेशी समीक्षकही प्रभावित झाले. २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. सॅम इंग्लिशला जी दुसरी संधी मनापासून कोणी दिली नाही, ती पालला मिळाली आणि त्याने तिचे सोने केले.

स्मरणाची खरी कसोटी

या दोन्ही घटनांमध्ये संताप व्यक्तींवर निघाला. व्यवस्थेचा विचार मागाहून झाला. ज्युनियरच्या मृत्यूनंतर मैदानावरील तातडीच्या वैद्यकीय सोयींविषयी कठोर प्रश्न विचारले गेले. योग्य सोय वेळेवर मिळाली तर काय घडते, हे १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये जगाने पाहिले. डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला; तत्काळ छातीदाब आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र, यांमुळे तो वाचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खेळू लागला.

गोव्यात दिवंगत खेळाडूंच्या आणि क्रीडाप्रेमींच्या नावे गावोगावी स्मृतिचषक स्पर्धा भरतात. हा रिवाज सुंदर आहे. मात्र अशा प्रत्येक मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका, डिफिब्रिलेटर आणि ते हाताळता येणारी प्रशिक्षित व्यक्ती असल्याखेरीज सामन्याची शिट्टी वाजू नये. थॉमसन आणि ज्युनियर यांचे स्मरण करताना एवढा आग्रह आयोजकांनी धरायला हवा, आणि धडकेनंतर उभ्या राहिलेल्या खेळाडूला दोषी ठरवण्यापूर्वी प्रेक्षकांनी सॅम इंग्लिशची आठवण ठेवायला हवी.