तिसऱ्या वर्गाचं ताट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेल्वेत जेवण चांगलं मिळत नाही, ही आपली तक्रार रेल्वेइतकीच जुनी आहे. पण या तक्रारीत एक पोटप्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा विचारत नाही. जेवण मिळतं, ते कुठल्या डब्यातल्या माणसाला?

आपल्या वर्धा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ही गोष्ट १८६७ साली सुरू होते. त्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची जीआयपी, भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. वर्धा नदीवर पूल झाला आणि त्या पुलापाशी वसलेल्या गावाला पुलगाव हे नाव पडलं. त्याच्या आदल्याच वर्षी पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली होती. गाडी आली ती मुख्यतः इथला कापूस मुंबईला न्यायला. माणसं सोबत गेली इतकंच, आणि त्यांच्या जेवणाचा विचारही त्याच क्रमानं झाला.

साहेबांसाठी मोठ्या स्टेशनांवर उपाहारगृहं होती. टेबलखुर्ची, काटेचमचे, सूप, कटलेट. जीआयपीवर ब्रँडन कंपनी, बंगालकडे केलनर, मद्रासेकडे स्पेन्सर असे ठेकेदार हे काम पाहत. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी मात्र शिदोरी बांधूनच निघे. भाकरी, ठेचा, कोरडा झुणका. सोवळं पाळणारी मंडळी दशम्या नेत. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, म्हणून ती प्रवासात चालते, असा त्यांचा हिशोब. काही कर्मठ माणसं तर गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत तोंडात घास घालत नसत. पाण्याचीही तीच तऱ्हा. फलाटावर पाणीपांडे बादली घेऊन फिरत, आणि ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा वेगवेगळ्या आरोळ्या ऐकू येत. रूळ एक, इंजिन एक, घागरी मात्र दोन!

या सगळ्याचा पहिला झणझणीत पंचनामा केला तो गांधीजींनी. सप्टेंबर १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर त्यांनी एक लेख लिहिला. मुंबईहून मद्रासला ते मेलगाडीनं गेले होते, भाडं पडलं तेरा रुपये नऊ आणे. त्या प्रवासातल्या चहाचं त्यांनी केलेलं वर्णन वाचून आजही कप खाली ठेवावासा वाटतो. गढूळ पाणी, मळकट साखर आणि दूध म्हणवणारा एक पांढरट द्रव. खाण्याचे पदार्थ गिऱ्हाइकाच्या आधी माश्यांनी चाखलेले. ते घेणाऱ्या सहप्रवाशांना गांधीजींनी त्यांचं मत विचारलं. लोकांनी शेलक्या शब्दांत ते सांगितलं आणि वर म्हणाले, करणार काय, मिळेल ते घ्यावं लागतं. याच मार्गावर पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक होतं. पण सोयी काय पाचपटच जास्त आहेत, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

हा माणूस पुढे आमच्याच जिल्ह्यात राहायला आला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला गेले, तेच नंतर सेवाग्राम झालं. जमनालाल बजाजांचा आग्रह हे वर्ध्याला येण्याचं मोठं कारण खरंच, पण देशाच्या मध्यावरचं जंक्शन हीही मोठी सोय होती. १९२९ च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ मार्ग पुरा झाला आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धावू लागली. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही रस्ते वर्ध्याला एकमेकांना भेटले. उत्तरेची पुरी आणि दक्षिणेची इडली यांचीही भेट मग इथे व्हायचीच. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तेव्हा ‘इडली-सांबार’ अशी पहिली हाक ऐकून एखाद्या आजीबाईंना काय वाटलं असेल, याची कल्पनाच करावी.

स्वातंत्र्यानंतर आळगेसन समितीच्या शिफारशीवरून १९५५ पासून रेल्वेनं खानपान स्वतःच्या हाती घ्यायला सुरुवात केली. पुरी, बटाट्याची भाजी आणि लोणचं असा स्वस्त ‘जनता खाना’ आला. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. म्हणजे पाटी बदलली. प्रवासी तोच राहिला.

जेवणाची खरी उलथापालथ समित्यांनी केली नाही, ती इंजिनानं केली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, म्हणून गाडी मोठ्या स्टेशनांवर निवांत उभी राही आणि तेवढ्यात फलाटावर चार घास होत. डिझेल आलं. १९९० च्या आसपास आपल्या मार्गावर वीज आली. थांबे आखडले. जेवण फलाटावरून उठलं आणि गाडीच्या पॅन्ट्रीत गेलं. आता बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत ही पॅन्ट्री असते मध्ये आणि साधे डबे असतात दोन टोकांना. आरक्षित डब्यांतून तिकडे जायला वाट असली तरी गर्दीत ती सापडत नाही, आणि जुन्या बांधणीच्या साध्या डब्यांना तर ती वाटही नव्हती.

१९९९ मध्ये आयआरसीटीसी स्थापन झाली. २००५ मध्ये खानपान तिच्याकडे गेलं, २०१० मध्ये रेल्वेकडे परत आलं, २०१७ मध्ये पुन्हा तिच्याकडे. ही ने-आण चालू असतानाच, त्याच २०१७ साली, महालेखापरीक्षकांनी संसदेत मांडलेल्या अहवालात स्टेशनांवरचं आणि गाड्यांमधलं काही अन्न माणसाच्या खाण्यालायक नसल्याचं म्हटलं. गांधीजींच्या लेखाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

२०२३ मध्ये रेल्वेनं एक शहाणपणाची गोष्ट केली. निवडक स्टेशनांवर, साधे डबे जिथे उभे राहतात नेमक्या त्याच जागी, वीस रुपयांत जेवणाची टेबलं मांडली. सात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. पदार्थ जनता खान्याचेच. जागा मात्र प्रथमच प्रवासी कुठे बसतो ते पाहून ठरवली होती.

तरी आमच्याकडची माणसं अजून पोळ्या बांधूनच निघतात. सेवाग्रामला, म्हणजे जुन्या वर्धा पूर्व स्टेशनला, गाडी उभी राहते ती जेमतेम. साध्या डब्यातून माणसांना ओलांडत खाली उतरायचं, पुऱ्या घ्यायच्या आणि पुन्हा आत शिरून आपली जागा शाबूत आहे का पाहायचं, एवढं काम काही त्या दोन-तीन मिनिटांत होत नाही.